माळरानावर नांगर फिरतो तेव्हा

अवर्षणग्रस्त भागातील शेतकऱ्याने माळ फोडून शेत केले, विहिरीला पाणी लागले, पुढे पाट आला, म्हणजे त्याच्या घरी सुबत्ता येते. ही सुबत्ता कष्टाने मिळविलेली असते व ती इष्टच होय. परंतु जमिनीचे रूप पालटले की त्या जमिनीवर वस्ती करणाऱ्या पशुपक्ष्यांचे जीवनही पालटते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. काही जीव नाहीसे होतात, काही नवे येतात, आणि दोहोंचे बरेवाईट परिणाम अखेर शेतकऱ्यालाच भोगावे लागतात. हा बदल कसा घडतो आणि त्यात शेतकऱ्याचे हित कशात आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या पठारी माळरानाच्या उदाहरणावरून केला आहे.

माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे

सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेचा जो पट्टा पसरला आहे, त्यात सोलापूर व अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) हे जिल्हे आणि पुणे, सातारा व सांगली या जिल्ह्यांचे पूर्वेकडील भाग येतात. येथे वर्षाला साधारणपणे ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बेभरवशाचा असतो. उंचवट्यांवर मातीचा थर पुष्कळदा वीतभरही नसतो. खाली मुरूम व त्याखाली काळा खडक लागतो. अशा जमिनीत मोठी झाडे जोमाने वाढत नाहीत. गवत मात्र उत्तम वाढते. पवन्या, मारवेल, शेडा, कुसळी अशा गवतांनी पावसाळ्यात हा माळ हिरवागार होतो आणि दिवाळीनंतर पिवळा पडतो.

महसुली दप्तरात अशा जमिनीची नोंद पडीक किंवा गायरान म्हणून, आणि खाजगी मालकीची असल्यास सातबारावर पोटखराब म्हणून होते. शब्दांमुळे समजूत बनते. ज्या जमिनीत पीक येत नाही ती निरुपयोगी, अशी समजूत त्यामुळे रूढ झाली आहे. वस्तुतः माळ हे अरण्याइतकेच परिपूर्ण असे निवासस्थान आहे. काळवीट, चिंकारा, ससा, खोकड व लांडगा हे प्राणी, तसेच माळढोक, तणमोर, धाविक, चंडोल, लावा व माळटिटवी हे पक्षी येथेच राहतात. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून येणारा भोवत्या हा शिकारी पक्षी दिवसभर माळावरून खाली खाली उडत नाकतोडे टिपतो व रात्री गवतातच मुक्काम करतो.

या जीवांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेणे अवश्य आहे. मोकळेपणा हेच त्यांचे संरक्षण होय. काळविटाला शत्रू लांबून दिसला पाहिजे आणि पळण्यास रान मोकळे पाहिजे. माळढोक उघड्या जमिनीवरच अंडे घालतो. माळटिटवीची अंडी मुरमाच्या खड्यांसारखी दिसतात आणि त्यामुळेच वाचतात. दाट झाडीत वा उंच पिकात या प्राण्यांचा निभाव लागत नाही. म्हणून जमीन हिरवी झाली म्हणजे वन्यजीवांची सोय झाली, असे मानणे बरोबर नाही.

जुनी जिरायत व नवी बागायत

शेती आली की वन्यजीव तत्काळ नष्ट होतात, असेही नाही. पठारावरील जुनी जिरायत शेती माळाशी पुष्कळ अंशी मिळतीजुळती होती. रब्बी ज्वारीची राने पावसाळाभर मोकळी राहत आणि पेरणी भाद्रपद-आश्विनात होई. बांध रुंद असत. त्यांवर गवत, बोर, बाभूळ व हिवर वाढे. दोन शेतांमध्ये कोठे ना कोठे कुरण राखलेले असे. माळढोकासारखा पक्षी कुरणात अंडे घाली आणि लगतच्या ज्वारी-भुईमुगाच्या रानात नाकतोडे, भुंगेरे व दाणे टिपीत हिंडे. खाजगी शेत, सरकारी माळ आणि गावचे गायरान यांमधील सीमा त्याच्या दृष्टीने नव्हतीच.

ही स्थिती पुढे झपाट्याने बदलली. विहिरींवर वीजपंप आले, कूपनलिका खोल गेल्या, यंत्राने माळ फोडणे सोपे झाले. ज्या मुरमाड जमिनीला कोणी विचारीत नव्हते, तीत बाहेरून माती आणून द्राक्ष व डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज हे गाव या बदलाचे बोलके उदाहरण आहे. या गावाची ख्याती दोन कारणांनी झाली. येथील प्रयोगशील शेतकरी नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' व 'शरद सीडलेस' या द्राक्षांच्या जाती निवडून काढल्या आणि त्या देशभर पसरल्या. याच गावच्या परिसरातील माळरान माळढोक पक्ष्यासाठी प्रसिद्ध झाले व १९७९ मध्ये येथे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. सोलापूर व तत्कालीन अहमदनगर या जिल्ह्यांतील मिळून सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर क्षेत्र मूळ अधिसूचनेत होते. त्यात गावे, शेते व खाजगी जमिनी फार मोठ्या प्रमाणावर समाविष्ट असल्याने ते क्षेत्र पुढे बरेच कमी करण्यात आले.

द्राक्षाचा विस्तार झाला; माळढोक मात्र ओसरत गेला. आज नान्नजच्या माळावर त्याचे दर्शन अत्यंत दुर्मिळ झाले आहे. संपूर्ण भारतात हे पक्षी दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरले असून त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. राजस्थानातील जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून अंडी उबवून पिले वाढविण्याचे केंद्र चालविण्यात येत आहे. या पक्ष्याची संख्या इतक्या लवकर का घटली, याचे कारण त्याच्या जीवनक्रमात आहे. नर १५ किलोपर्यंत वजनाचा असतो आणि मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते. ते अंडे नांगराखाली, जनावरांच्या खुरांखाली वा कुत्र्यांच्या तोंडी गेले की त्या हंगामाची वीण बहुधा व्यर्थ जाते. शिवाय हा जड पक्षी उडताना समोरची बारीक तार चटकन पाहू शकत नाही व विजेच्या तारांवर आदळून मरतो. शेतीसाठी आलेली तार, कुंपण आणि भटकी कुत्री ही सर्व मिळून नांगराइतकेच नुकसान करतात.

येथे दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही, हे स्पष्ट करणे जरूर आहे. पोटासाठी जमीन कसणारा मनुष्य अपराधी ठरत नाही. चूक झाली ती नियोजनात. कोणता माळ फोडावा व कोणता राखावा याचा गावपातळीवर विचारच झाला नाही, म्हणून सगळाच माळ तुकड्यातुकड्यांनी संपत गेला.

राखलेला माळ तोकडा पडला म्हणजे काय होते, हे कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे दिसते. १९८० मध्ये काळविटांसाठी येथे अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे २१७ हेक्टर आहे. संरक्षणामुळे काळवीट वाचले ही समाधानाची गोष्ट होय. परंतु एवढ्याशा जागेत ते मावत नाहीत आणि सभोवारच्या पिकांत उतरतात. माळ गावोगाव थोडा थोडा शिल्लक असता, तर एकाच गावच्या शेतकऱ्यांवर हा भार पडला नसता.

पाटाचे पाणी, ऊस आणि बिबट्या

ओलितामुळे काही प्राणी जातात, तसे काही येतात. याचे सर्वांत ठळक उदाहरण पाहण्यासाठी सोलापूरच्या माळावरून पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडे, जुन्नर तालुक्याकडे वळावे लागते. कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळे या भागात बारमाही पाणी आले व उसाचे क्षेत्र वाढले. उसाचा फड वर्षभर, आणि आडसाली असल्यास सोळा ते अठरा महिने उभा असतो. तो माणसाहून उंच वाढतो, आत गारवा असतो आणि पाणी जवळ असते. बिबट्यासारख्या लपून शिकार करणाऱ्या प्राण्याला याहून सोयीची जागा कोणती मिळणार? जवळच वस्त्यांवर कुत्री, शेळ्या व डुकरे असतात. बिबट्याची मादी उसातच विते व तेथेच पिले वाढविते.

जुन्नरच्या उत्तरेस लागून असलेल्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या आहाराचा जो अभ्यास झाला व २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के आहार पाळीव प्राण्यांचा असल्याचे आढळले. एकट्या कुत्र्यांचाच वाटा ३९ टक्के होता. म्हणजे बिबट्या गावाजवळ राहतो तो मुख्यतः गावातील कुत्र्यांवर व उकिरड्यावर पोसलेल्या जनावरांवर.

बिबट्या दिसला की तो पकडून दूर जंगलात नेऊन सोडावा, अशी मागणी स्वाभाविकपणे होते. या उपायाचा अनुभव जुन्नर वन विभागात आला आहे. १९९३ ते २००१ या काळात तेथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत असत. २००१ पासून २९ बिबटे पकडून सरासरी ३९.५ किलोमीटर अंतरावर सोडण्यात आले. त्यानंतर २००३ पर्यंतच्या काळात हल्ल्यांची वार्षिक सरासरी १७ वर गेली आणि प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी बिथरतो, आपल्या जागी परतू पाहतो व वाटेत माणसाशी त्याची गाठ पडते. इकडे रिकाम्या झालेल्या जागी दुसरा बिबट्या येतो. रोगाची पारख न करता दिलेले औषध जसे अपाय करते, तसेच हे झाले. ऊस, पाणी व कुत्री जागच्या जागी असेपर्यंत बिबट्याही राहणार, हे धरूनच सावधगिरीचे उपाय योजले पाहिजेत.

पाण्यामुळे लाभलेले पक्षीधन

पाण्याने केवळ संकटच आणले, असे म्हणणे एकांगी ठरेल. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी नांदूर मध्यमेश्वर येथे बंधारा बांधण्यात आला. त्याचा हेतू शेतीला पाणी देणे एवढाच होता. बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, पाणवनस्पती वाढल्या, बेटे तयार झाली आणि हजारो पाणपक्षी तेथे उतरू लागले. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर यादीत त्याची नोंद झाली. महाराष्ट्रातील ही पहिलीच नोंद होय. भीमेवरील उजनी जलाशयाच्या उथळ काठीही रोहित पक्ष्यांचे थवे येतात.

तथापि एक भेद विसरता कामा नये. पाणथळीचे पक्षी मिळाले म्हणून माळाचे पक्षी गेल्याची भरपाई होत नाही. बदक वाढले तरी धाविक परत येत नाही. म्हणून ज्या गावी पाणी आले आहे, तेथेच उरलेला माळ जपण्याची निकड अधिक असते.

माळावर झाडे लावावीत काय?

वृक्षारोपण सर्वत्र हितकारकच असते, अशी समजूत आहे. गावठाण, रस्त्याची कड, ओढ्याचा काठ व शेताचा बांध या जागी झाडे जरूर लावावीत. परंतु चांगल्या गवताच्या माळावर चर खोदून गिरिपुष्प, सुबाभूळ वा निलगिरी यांची दाट लागवड केली, तर खालचे गवत सावलीने दुबळे होते, मेंढ्यांची चराई जाते आणि उघड्यावर राहणारे पशुपक्षी तेथून निघून जातात. वेडी बाभूळ तर आपोआप पसरते व काही वर्षांत कुरण गिळून टाकते. माळाला झाडांची नव्हे, चराईला विश्रांती देण्याची गरज असते. दोनतीन पावसाळे आळीपाळीने चराई बंद ठेवली, तर मूळची सकस गवते बहुधा पुन्हा डोके वर काढतात.

यात शेतकऱ्याचे हित कोणते?

माळ व रुंद बांध राखल्याने केवळ वन्यप्राण्यांचे भले होते, असे नाही. वैरणीचा प्रश्न दुष्काळात किती बिकट होतो, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. राखलेले कुरण ही गावची वैरणीची पेढीच होय. कोतवाल, साळुंकी व गायबगळे घाटे अळी व नाकतोडे खातात. गव्हाणी घुबड, रानमांजर व धामण उंदरांचा फडशा पाडतात. खोकड उंदीर खातो. कांद्याचे बीजोत्पादन करणाऱ्यास मधमाश्यांवाचून बी मिळत नाही, आणि मधमाश्यांना कांद्याचा फुलोरा नसतो तेव्हा बांधावरची व माळावरची रानफुलेच जगवितात. मेंढपाळ माळावर मेंढ्या चारतो व पुढे शेतात मेंढ्या बसवितो, तेव्हा माळाचे गवत खत होऊन शेतात येते. माळ संपला की कळप दूर जातात व हे खतही जाते.

लांडग्याचा विचारही याच दृष्टीने केला पाहिजे. ससे व चिंकारे कमी झाले की लांडगा मेंढरांकडे वळतो. म्हणजे माळ मोडल्याची किंमत सर्वांत आधी मेंढपाळ देतो, ज्याचा माळ मोडण्यात काहीच लाभ नसतो.

गावपातळीवर योजावयाचे उपाय

१. गावातील गायरान, कुरण व पोटखराब जमिनींची पाहणी करावी. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोक जैवविविधता नोंदवही असावयाची आहे. तीत माळावरील गवते, पक्षी व प्राणी यांची नोंद स्थानिक नावांनिशी करावी. मेंढपाळ व वृद्ध शेतकरी यांची माहिती या कामी फार मोलाची ठरते.

२. कुरणाचे भाग पाडून आळीपाळीने चराई बंद ठेवावी. गवताची कापणी बी झडल्यावर, पावसाळी वीण संपल्यानंतर करावी. कापताना घरटे आढळल्यास तेवढा गवताचा ठोंब सोडून द्यावा.

३. माळास आग लावू नये. नवे गवत लवकर फुटावे म्हणून लावलेली आग उन्हाळ्यात जमिनीवर असलेली अंडी व पिले जाळते आणि जमीन उघडी पाडते.

४. बांध फोडून ओळी वाढविण्याचा मोह टाळावा. बांधावर हात-दोन हात रुंदीची गवताची पट्टी व मधूनमधून बोर, बाभूळ राखावी. हरभऱ्यात एकरी सुमारे २० पक्षीथांबे उभारावेत. फुलोऱ्याच्या वेळी फवारणी टाळावी. ती अपरिहार्य असल्यास मधमाश्या परतल्यावर सायंकाळी करावी.

५. प्रत्येक विहिरीस कठडा बांधावा. उघड्या विहिरीत बिबटे, खोकड व गावातील जनावरेही पडतात.

६. उसाच्या भागात शेळ्यामेंढ्यांसाठी वरून व बाजूंनी बंद असा भक्कम गोठा असावा. रात्री पाणी देण्यास एकट्याने जाऊ नये. हाती उजेड व काठी असावी आणि बोलत, आवाज करीत जावे. वाकून वा उकिडवे बसलेले माणूस बिबट्याला लहान जनावरासारखे भासण्याचा संभव असतो. ऊसतोडीच्या वेळी मजुरांची लहान मुले फडाच्या कडेला एकटी ठेवू नयेत. उकिरडा, मेलेली जनावरे व कोंबड्यांची घाण वस्तीजवळ टाकू नये.

७. फडात बिबट्याची पिले आढळल्यास त्यांना हात लावू नये व घरी नेऊ नये. तोड तेथेच थांबवून वन विभागास कळवावे. मादी बहुधा रात्री येऊन पिले उचलून नेते. लांडग्याची बिळे बुजवू नयेत व त्यांत धूर करू नये. बिबट्या, लांडगा, काळवीट, चिंकारा व माळढोक या सर्वांस वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे.

८. जनावर मारले गेल्यास वा पिकाचे नुकसान झाल्यास विनाविलंब वन विभागास खबर द्यावी. पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागेवरून हलवू नये. त्यावर विष टाकण्याचा विचार कोणी करू नये. विषाने बिबट्याच मरतो असे नाही, कुत्री, घारी व घुबडेही मरतात आणि भरपाईचा हक्कही धोक्यात येतो.

समारोप

नांगर थांबविता येणार नाही व पाटाचे पाणी कोणी नाकारणार नाही. परंतु नवा तुकडा फोडण्यापूर्वी तेथे काय राहते, ते कोठे जाईल आणि त्याच्या जागी कोण येईल, हे तीन प्रश्न प्रत्येक शेतकऱ्याने स्वतःस व प्रत्येक कार्यकर्त्याने गावास विचारावेत. उत्तर मिळाल्यावर बहुतेक ठिकाणी असे आढळून येईल की, सर्व माळ फोडण्यापेक्षा काही माळ राखण्यात गावाचा लाभ अधिक आहे. माळ फोडण्यास एक दिवस पुरतो. मुरमावर पुन्हा पवन्या-मारवेलाचे कुरण उभे राहण्यास पुष्कळ वर्षे लागतात, आणि माळढोकासारखा पक्षी एकदा गेला की तो परत येईलच याची शाश्वती नसते. म्हणून गावाच्या शिवारात आज जो माळ उरला आहे, त्याची पाहणी या हंगामातच करून घ्यावी.